नानाची बरणी : आगरवाड्यातले पाच दिवस

पहिला दिवस : ८ डिसेंबर

ठाण्याहून रात्री धरलेली कोकणकन्या पेडण्याला पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. माझ्या बॅगेत कपडे कमी आणि कागद जास्त. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात नानाकाकाची पत्रं, एक तार आणि नौदलाकडून आलेले कागद सुतळीनं बांधून ठेवलेले. जाण्याआधी आठेक दिवस बाबा मला म्हणाले होते, "नानाचं काहीतरी करून टाक. आईनं मला करू दिलं नाही, आणि आता मी काही राहत नाही." ते 'काहीतरी' करायला मी आगरवाड्याला चाललो होतो.

नानाकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आय.एन.एस. खुकरी या युद्धनौकेवर स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारा खलाशी, होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्या १७६ मधला आमचा एक. वय एकवीस. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो, त्यामुळे माझ्याकडे त्याची स्वतःची अशी एकही आठवण नाही. जे आहे ते ऐकलेलं आणि वाचलेलं.

स्टेशनवरून रिक्षा केली. डोक्यावरून मोप्याच्या विमानतळाकडे उतरणारं विमान गेलं. लहानपणी मे महिन्यात यायचो तेव्हा या पठारावर काजूच्या झाडांशिवाय काही नव्हतं. आगरवाड्याच्या उताराला लागलो आणि शापोरा नदीकाठची मिठागरं दिसली. डिसेंबरात त्यांत अजून पाणीच असतं. बांध दुरुस्त होतात, पाणी काढलं जातं, आणि मीठ धरायला लागतं ते फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात.

आते दारातच उभी होती. मांद्रेला दिलेली, पण यजमान गेल्यावर भावांचं घर बंद पडू नये म्हणून परत इथे येऊन राहिली. नानाकाकापेक्षा तीन वर्षांनी लहान. "आयलो पुता? बस," एवढंच म्हणाली आणि पेज वाढायला आत गेली. पेज, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा आणि मिठातलं एक तोर. ज्यांना तोर माहीत नाही त्यांच्यासाठी : कोय धरायच्या आधीची कोवळी कैरी आमच्याकडे अख्खी मिठात घालतात, ती वर्षभर टिकते. तीच आमची तोरां.

दुपारी ओसरीवर पेटी उघडली. आतेनं पत्रांना लगेच हात लावला नाही. आधी हात धुऊन आली, पदराला पुसले, मग एकेक घडी उलगडली. निळी आंतरदेशीय पत्रं, पाठवणाऱ्याच्या जागी 'फ्लीट मेल ऑफिस, मुंबई'. घरात सगळे पेडण्याची कोकणी बोलायचे, पण पत्र लिहायचं ते मराठीतच, आणि तेही 'ती. सौ. आईस सा. न. वि. वि.' अशी सुरुवात करूनच. मजकूर साधा. लोणावळ्याला आय.एन.एस. शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर शिकत होता तेव्हाच्या पत्रात थंडीबद्दल लिहिलंय. बोटीवर गेल्यावरच्या पत्रात उकड्या तांदळाची आठवण. युद्धाबद्दल एक अक्षर नाही. त्यांना ते लिहायची मुभाही नव्हती.

तो नौदलात कसा गेला हे मी बाबांकडून कितीदा तरी ऐकलं होतं, पण आतेकडून ऐकताना वेगळं वाटलं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. १८ डिसेंबरला मुरगावच्या बंदरात पोर्तुगिजांच्या 'आफोन्सो द आल्बुकेर्क' या युद्धनौकेची आपल्या बेटवा आणि बियास या जहाजांशी लढाई झाली. मार खाऊन ती किनाऱ्याकडे वळली आणि रेतीत रुतली. पुढच्या वर्षी ओढून मुंबईला नेईपर्यंत दोनापावलाच्या बाजूला तशीच पडून होती. आजोबा काही कामानं पणजीला गेले होते, तेव्हा नानाला घेऊन गेले. त्या काळी आगरवाड्याहून पणजी म्हणजे चोपड्याची फेरी, मग शिवोली, म्हापसा, आणि बेतीला पुन्हा फेरी. परत आल्यावर चार दिवस पोरगा दुसरं काही बोलतच नव्हता.

"ती मोडकी बोट बघून आला," आते म्हणाली. "मोडकी बघून माणसाला बोटीवर जाऊ नये असं वाटायला हवं की नाही? याला उलटंच वाटलं."

दुसरा दिवस : ९ डिसेंबर

सकाळी भटजींकडे गेलो. जुने भटजी आता नाहीत, त्यांचा नातू पाहतो. तिशीतला मुलगा, बोलायला शांत. मी त्याला सरळच सांगितलं की काकाचा देह मिळाला नाही, अग्नी दिलेला नाही, श्राद्ध एकदाही झालेलं नाही आणि बाबांची इच्छा राहून गेली आहे.

इथे मागचं थोडं सांगायला हवं. देह मिळाला नाही तर शास्त्रात पालाशविधी आहे. दर्भ आणि पळसाची ३६० पानं घेऊन माणसाची आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं वाट पाहायची रीत. म्हणून १९८३ साली, बारा वर्षं भरल्यावर, बाबांनी विषय काढला. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि त्या संध्याकाळी याच ओसरीवर कोपऱ्यात बसलेलो होतो. आजी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "पानांचा माणूस करून जाळायचा? माझा मुलगा पानांचा नव्हता." मग सूप परत उचललं. बाबांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आजी १९९६ साली गेली, पण आईचा शब्द मोडायचा म्हणून नंतरही बाबांचा हात उठला नाही.

पुढचा प्रश्न तिथीचा. तारीख सगळ्यांना पाठ, तिथी कुणालाच नक्की माहीत नाही. पितृपक्षात शस्त्रानं गेलेल्यांची चतुर्दशी असते, त्या दिवशी आते गुपचूप एक पान वाढून ठेवायची. पण वर्षश्राद्धाला स्वतःची तिथी लागते. भटजींनी मोबाइलवरच्या पंचांगात ९ डिसेंबर १९७१ घातलं. शके १८९३, मार्गशीर्ष वद्य. सूर्योदयाला सप्तमी, मग सकाळीच केव्हातरी अष्टमी लागलेली.

"किती वाजता गेले?" त्यांनी विचारलं.

"रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमारास बोट बुडाली," मी म्हणालो. "पण तो त्याच वेळी गेला की पाण्यात काही तास होता, हे कोण सांगणार? वाचलेल्यांना दुसऱ्या दिवशी आय.एन.एस. कछालनं उचललं."

भटजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्री नऊला अष्टमी होती, दुसऱ्या दिवशी सकाळीही अष्टमीच होती. तुम्ही अष्टमी धरा, त्यात चूक होणार नाही." यंदा मार्गशीर्ष वद्य अष्टमी ११ तारखेला दुपारी लागत होती. "आणि पालाशविधी आजींनी नको म्हटलंय ना? मग नको. तर्पण करू. पाणी आणि तीळ. ते कुणाच्या शब्दाच्या आड येत नाही."

मला त्या मुलाबद्दल फार आदर वाटला. बाबांना असा भटजी भेटला असता तर बरं झालं असतं.

घरी येताना मनात एक गोष्ट घोळत होती. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे खुकरी बुडाली तेव्हा आकाशात चंद्र नव्हता. त्या समुद्रावर मिट्ट काळोख असणार. इतकी वर्षं मी हा प्रसंग वाचत आलो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

रात्री जेवणं लवकर आटोपली. साडेआठच्या पुढे आते उगाच उठबस करायला लागली. एकदा देव्हाऱ्यातली वात सारली, एकदा अंगणात जाऊन आली. मग माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता बातम्या लागतील."

मला कळेना. घरात रेडिओ नाही, टीव्ही बंद होता.

"पावणेनऊच्या रे. आकाशवाणीच्या."

त्या काळात गावात रेडिओ एकच, वाटेवरच्या दुकानदाराकडे. युद्ध सुरू झाल्यापासून, म्हणजे ३ डिसेंबरपासून, वाड्यावरची माणसं रोज रात्री त्याच्या पडवीत जमत. दिल्लीहून पावणेनऊला हिंदी बातम्या लागत. हिंदी सगळ्यांना कळायचीच असं नाही. मास्तर मध्ये मध्ये मराठीतून सांगायचे. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला, ती बातमी याच पडवीत ऐकली. मास्तरांनी मोठ्यानं सांगितलं आणि आजोबांना सगळ्यांनी मध्ये बसवलं, कारण गावातून नौदलात गेलेला नाना एकटाच. तोच दिवस पुढे नौदल दिन झाला. आमच्या घरात मात्र डिसेंबरची ४ तारीख नेहमी ९ तारखेच्या सावलीत गेली.

९ तारखेलाही आते वडिलांबरोबर पडवीत होती. "मी खांबाला टेकून उभी होते. बाबा पुढे बसलेले. बातम्या लागल्या. पूर्वेकडचं काय काय सांगत होते. नौदलाचं काही आलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, काही नाही म्हणजे चांगलंच."

खुकरीवरून वाचलेल्यांच्या आठवणींत मी एक गोष्ट वाचली होती. ती आतेला सांगावी की नाही, हे ठाण्याहून निघाल्यापासून ठरत नव्हतं. शेवटी सांगितली. त्या रात्री जहाजावरही पावणेनऊच्या बातम्या लागल्या होत्या. जेवणाच्या हॉलमध्ये खलाशी आकाशवाणी ऐकत होते. त्याच सुमाराला टॉर्पेडो लागला आणि दोन-तीन मिनिटांत सगळं संपलं.

आतेनं बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "त्याच बातम्या?"

"त्याच."

"म्हणजे आम्ही एकाच वेळी ऐकत होतो."

कामावर नसला तर ऐकत असेल, असं म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. ती उठली, स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि झोपायला गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. मिठागरांकडून बेडकांचा नव्हे, कसल्यातरी पाणपक्ष्यांचा आवाज येत होता.

तिसरा दिवस : १० डिसेंबर

आतेला घरी ठेवून एकटाच बोगमाळ्याला गेलो, नौदलाच्या हवाई संग्रहालयात. चोपडे-शिवोली पूल, म्हापसा, पणजीचा अटल सेतू, मग झुआरीवरचा नवा पूल. पुलावरून मुरगावच्या बाजूला पाहिलं. धूसर होतं, बंदरातल्या क्रेन तेवढ्या दिसल्या.

दाभोळी हा नौदलाचा तळ. आय.एन.एस. हंसा हा हवाई तळ १९६४ साली कोईमतूरजवळून इथे आला. संग्रहालयाच्या आवारात निवृत्त विमानं उघड्यावर उभी आहेत. तीन शेपट्यांचं अवाढव्य सुपर कॉन्स्टलेशन, सी हॉक, सी हॅरियर. मला पाहायचं होतं ते अलिझे. जाडजूड पोटाचं, पुढे एकच पंखा, पाणबुड्या शोधायला केलेलं फ्रेंच विमान. खुकरी बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९७१ ला, पश्चिम किनाऱ्यावर असंच एक अलिझे पाकिस्तानच्या लढाऊ विमानानं पाडलं. आत तिघं होते. तिघांपैकी कुणी परत आलं नाही. आज तीच तारीख. विमानाजवळ शाळेची सहल फोटो काढत होती. मी बाजूला उभा राहिलो आणि मुलं गेल्यावर पुढे जाऊन पत्र्याला हात लावला. ऊन लागून तापला होता.

तिथे एक निवृत्त गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. मी खुकरीबद्दल तिथल्या माणसाला काहीतरी विचारत होतो, ते त्यांच्या कानावर पडलं. आपणहून जवळ आले. तेही इंजिनरूमचे, नौदलात सत्तरच्या दशकाच्या शेवटी भरती झालेले. काका स्टोकर होता म्हटल्यावर त्यांनी मला सावलीत बसवलं आणि अर्धा तास समजावून सांगितलं. इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

खुकरी ही ब्रिटिश बनावटीची, पाणबुड्या मारण्यासाठी बांधलेली छोटी फ्रिगेट. वाफेवर चालणारी, पंखा एकच. खाली बॉयलररूम आणि इंजिनरूम. डिसेंबरातसुद्धा तिथे अंगातून घामाच्या धारा. वर यायला लोखंडी शिडी, शिडीच्या टोकाला हॅच. रात्री आठ ते बारा हा एक वॉच, म्हणजे कामाची पाळी. "तुमचे काका वॉचवर असतील तर खाली बॉयलरपाशी. नसतील तर मेसमध्ये. दोन्हीकडून वर यायला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता," ते म्हणाले. त्यांनी शब्द जपून वापरले नाहीत आणि मला ते बरं वाटलं.

मग त्यांनी पाणबुडीचं सांगितलं. हंगोर फ्रेंच डाफ्ने वर्गातली, त्या वेळच्या मानानं नवी. तिचे कान खुकरीच्या कानांपेक्षा लांबचं ऐकत होते. शिवाय खुकरीवर सोनारचा, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचा, पल्ला वाढवायचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी जहाज वेग कमी ठेवून चाललं होतं. पाणबुडीच्या टापूत कमी वेग म्हणजे काय हे जहाजावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. बरोबरची किरपाण ही युद्धनौका निसटली.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांचं नाव निघालं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. "आम्हाला भरती झाल्या झाल्या हे सांगायचे," ते गृहस्थ म्हणाले. "पण मला नेहमी वाटायचं, खाली जे होते त्यांचं कोण सांगणार? खालच्यांना कुणी पाहिलेलंच नसतं." जाताना त्यांनी नातवाला माझ्या पाया पडायला लावलं. मी गोंधळलो. ते म्हणाले, "तुमच्या नव्हे, काकांच्या."

परतताना बाबांची आठवण येत राहिली. दीवला चक्रतीर्थाच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती. १९९९ च्या डिसेंबरात ते उभं राहिलं आणि दोनच वर्षांनी बाबा एकटे जाऊन आले. त्यांनी तिथे काय केलं ते कधी सांगितलं नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटच्या भिंतीवर काकाचं नाव कोरलेलं आहे, तिथे मी त्यांना घेऊन गेलो होतो. त्यांनी नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आईला वाचता येत नव्हतं." एवढंच.

दीव तेव्हा आमच्याच प्रदेशात होता. गोवा, दमण आणि दीव, राजधानी पणजी. १९८७ साली गोव्याला राज्याचा दर्जा मिळेपर्यंत तो तसाच राहिला. आजोबा म्हणत, पोरगा परक्या समुद्रात गेला नाही, आपल्याच दीवाकडे आहे. म्हाताऱ्या माणसाला धरायला तेवढाच आधार.

चौथा दिवस : ११ डिसेंबर

सकाळी आते म्हणाली, "आज तिथी. तू उपाशी राहणार ना? मग बस. तुला एक दाखवायचंय."

स्वयंपाकघराच्या फळीवर सगळ्यात वर एक चिनी मातीची बरणी असते. खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी, तोंडाला फडकं बांधलेलं. लहानपणापासून तिला 'नानाची बरणी' म्हणतात आणि तिला हात लावायचा नाही, हा घरातला पक्का नियम. एका मे महिन्यात माझ्या चुलत बहिणीनं स्टुलावर चढून तिच्यातलं एक तोर काढलं होतं. आजीनं तिला मारलं. आजीनं कुणा नातवंडावर हात उगारलेला मी तेवढाच पाहिला. दर चैत्रात आजी नवी तोरां घालायची. आधीच्या वर्षाची बरणी रिकामी व्हायची, पण ती आमच्या ताटात नाही. ज्या घरातला मुलगा बोटीवर किंवा सैन्यात असेल त्या घरी ती जायची. आजीनंतर आतेनं ते चालू ठेवलं. आम्ही कधी 'का' म्हणून विचारलं नाही. नाना गेला, म्हणून त्याच्या नावाची एक बरणी, इतपत आमची समजूत.

आतेनं देव्हाऱ्याखालचा आजीचा कुंकवाचा करंडा काढला. त्याच्या तळाशी चौकोनी घडी केलेला, हळद लागून पिवळा झालेला कागद. मनिऑर्डरचं कुपन. पैसे दिल्यावर पोस्टमन फाडून घेणाऱ्याकडे ठेवतो ते. वर शिक्का मुंबईचा, तारीख पुसट, डिसेंबर तेवढा वाचता येतो. मजकुराच्या जागेत शाईच्या पेननं, जागा पुरावी म्हणून बारीक अक्षरात :

'ती. सौ. आईस सा. न. रु. ४० पाठवले आहेत. बांधाला लागतील. तोरांची बरणी ठेव. एप्रिलात रजा आहे. बोटीवर सगळे मागतात. नाना.'

तार आधी आली होती. मनिऑर्डर त्यानंतर तीन दिवसांनी. पोस्टमन गावातलाच. अंगणाच्या कडेला सायकल धरून उभा राहिला, पुढे येईना. आजी बाहेर आली. अंगठा करायला तयार होईना. पैसे नको म्हणाली, परत पाठव म्हणाली. शेवटी आजोबांनी सही केली. रुपये बांधाच्या कामाला गेले. कुपन आजीनं आतेकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि करंड्यात ठेवलं.

"बाबांना हे माहीत होतं?" मी विचारलं.

"ना. त्यानं बरणीचं कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आईचं होतं ते."

मी ते कुपन हातात घेतलं. चाळीसमधल्या शून्याशेजारी शाईचा छोटा डाग आहे, पेन टेकवून विचार करत थांबल्यासारखा. बाबांच्या पेटीतली पत्रं मी पाठ होईपर्यंत वाचली होती आणि त्याचं शेवटचं लिहिलेलं या घरात, फळीपासून चार हातांवर, पडून होतं.

दुपारी तीनला केरीच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनाच्या पलीकडे समुद्र, उजव्या हाताला तेरेखोलची नदी आणि पैलतीरावर किल्ला. फेरी नुकतीच सुटली होती. भटजी बरोबर आले होते. तीळ, दर्भ, तांब्याचं ताम्हन. मला गुडघाभर पाण्यात उभं केलं. पितरांचं म्हणून दक्षिणेकडे तोंड करायला सांगितलं. गोत्र सांगितलं. मग त्यांनी काकाचं पूर्ण नाव विचारलं.

मी बोलायच्या आत मागून आतेनं सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, स्वच्छ आवाजात. 'नाना' सोडून दुसरं काही तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं.

ओंजळीतून तिळाचं पाणी तीनदा सोडलं. लाट आली की तीळ मागे यायचे, पायाला चिकटायचे. मी मान वळवून पाहिलं. मी दक्षिणेकडे तोंड करून उभा होतो आणि आते वाळूत उत्तरेकडे, किनारा जिथवर दिसतो तिथवर पाहत उभी होती. दीव त्या बाजूला. भटजींनी तिला काही म्हटलं नाही.

येताना गाडीत ती म्हणाली, "बरं झालं केलंस. दादाची इच्छा होती." मग थोड्या वेळानं, "पण बरणी मात्र बंद करायची नाही हां."

पाचवा दिवस : १२ डिसेंबर

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी आतेनं फळीवरची बरणी उतरवली आणि त्यातली निम्मी तोरां एका लहान बरणीत काढली. लाकडी डावानं, पाण्याचा हात न लावता. वाड्यावर आता बोटीवरचा एक मुलगा आहे, मर्चंट नेव्हीत. मोठी बरणी त्याच्या घरी जायची. लहान बरणीला फडकं बांधलं, त्यावरून सुतळी. बाबांच्या पेटीला बांधलेलीच सुतळी तिनं वापरली.

"मी खायची?" मी विचारलं.

"तू नाही. तिथे तुमच्या इमारतीत कुणाचा मुलगा आहे का फौजेत?"

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा आहे, लेहला. तिनं मान डोलावली. मग मला समोर बसवून सांगायला लागली, आणि मी मोबाइलवर लिहून घेत गेलो : तोरां चैत्रात घ्यायची, कोय धरायच्या आत. देठ थोडा ठेवायचा, चीक गळू द्यायचा. धुऊन सावलीत कोरडी करायची, ओलावा राहिला तर बुरशी येते. मीठ जाडं, मिठागराचंच, बाजारचं बारीक नाही. एक थर तोरांचा, एक मिठाचा, वर दगड. पहिले आठ दिवस रोज बरणी हलवायची.

"मीठ मी पाठवीन," ती म्हणाली. "फेब्रुवारीत नवं धरेल."